शेवटच्या पायरीवरून

गिरधरचा बाप झिपरूआबा जळगावच्या डाळमिलमध्ये पोती वाहून गुडघ्यातून गेला, पण कुस्तीचं वेड काही जाईना. बुटका माणूस, गर्दीत मागे पडायचा. कुस्त्यांच्या दंगलीहून परतला की बायकोला सांगायचा, "कुस्ती दखी उनू. कोन पडनं ते मातर माहीत नही." सगळं घर हसायचं. गिरधरला हसू येत नसे. बाप उसनं हसतो, हे त्याला कळायचं.

धुळ्याला देवपुरात एका इंजिनिअरच्या हाताखाली नकाशे काढता काढता गिरधरचेही केस पिकायला लागले. मोऱ्या, संडास, शाळेच्या खोल्या. नुसता वैताग! तशात नव्वद साली साक्रीकडच्या एका तालमीच्या कमिटीनं कुस्तीच्या मैदानाला पायऱ्या बांधायचं काम आणलं, आणि गिरधर जन्मात पहिल्यांदा साहेबापुढे अडून बसला. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नकोत, म्हणाला. मागे जावं तशी पायरी उंच होत गेली पाहिजे, म्हणजे मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून थेट आखाड्याच्या हौद्यातल्या मातीवर जाते. पुढच्याची टोपीसुद्धा त्यानं हिशेबात धरली. कमिटी चिडली. गवंडी म्हणाला, "भाऊ, आठे पायरीवर मानसं बठतीन का देव?" गिरधर बधला नाही. हौद्यात खुंटी ठोकून, सुतळी ताणून एकेक पायरी बसवून घेतली. घरी पोचायचा तेव्हा जेवायचंही त्राण नसे.

"आबा, तू शेवटली पायरीवर बठ," त्यानं बापाला सांगितलं. "तठून बी बठ्ठी कुस्ती दिखी."

उद्घाटनाला त्यानं आबाला धरून धरून वर नेऊन बसवलं. पहिली कुस्ती लागली आणि आबाला खरंच दिसली! म्हातारा वरून पोरासारखे हात हलवत होता. गिरधर खालून बघत होता.

मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडे सत्काराशिवाय काही होतं होय? सरपंच, माजी सरपंच, देणगीदार, देणगीदारांचे मेव्हणे. ज्याला त्याला फेटा, वर हा एवढा तुरा. फेटा बांधायचा तर उभं राहावं लागतं, आणि फोटो निघेपर्यंत बसता येत नाही. पुढचे उभे, म्हणून मागचे उभे, म्हणून त्यांच्या मागचे. गिरधरनं टोपी धरली होती, फेटा कुठे धरला होता! आबा तेवढा बसून, गुडघे उठू देईनात.

मोठी कुस्ती लागली तेव्हा लोक आरडाओरडा करत एकदाचे खाली बसले. गिरधरनं सुस्कारा सोडला, तोच माईकवर त्याचं नाव पुकारलं. नको नको म्हणेपर्यंत दोघांनी दंडाला धरून त्याला हौद्याच्या काठावर, पायऱ्यांच्या ऐन समोर उभं केलं. "मानाचं आहे, घ्या हो," साहेब दटावत म्हणाले. झिडकारायचं बळही आता उरलं नव्हतं. फेट्याचे वेढे डोक्यावर चढत राहिले.

तेवढ्यात पार वरून ओळखीचा, चिरका आवाज आला. एवढ्या लांबून म्हाताऱ्याला चेहरा ओळखू येत नव्हता.

"ओ फेटावाला, बठ ना खाले! तुले बाप शे का नही रे?"