मर्डिनानं न घेतलेलं नाव

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर माणूस बुडाला तरी त्याचं नाव बुडू देत नाहीत. मर्डिना पोटात असताना तिचे वडील मर्डो मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. मुलगी झाली, म्हणून त्याच नावाला शेपूट जोडून तिला मर्डिना केलं. पुढे मर्डिनाचं लग्न झालं, थोरली लेक कॅथी झाली आणि तिच्या पाठीवर झालेला मुलगाही मर्डोच. तो डांग्या खोकल्यानं पाळण्यातच गेला. मग दुसरा मुलगा झाला, तेव्हा मर्डिनाची आई एफी दारातूनच म्हणाली, "मर्डो परत आला गं!"

"आई, दुसरं काहीही ठेव. एका मर्डोची कबर आहे, दुसऱ्याला तर तीही नाही."

"अगं, मर्डो म्हणजे समुद्राशी लढणारा. असलं नाव टाकतात का?"

"लढले ना बाबा? मग?"

एफीनं तोंड फिरवलं. रविवारी चर्चमध्ये रिवाजाप्रमाणे बापानंच बाळ पुढे धरलं. पाद्रीबाबांनी नाव विचारलं आणि मर्डिनाचा नवरा टॉर्मोड म्हणाला, "मर्डो." आईनं तिथं बोलायचं नसतं. मर्डिनानं बाकावरूनच देवाला विनवलं : हे नाव मी तोंडातून काढणार नाही, समुद्राला तू आठवण करून देऊ नकोस. देवाशी असा सौदा करू नये. पण आईचं काळीज, काय करणार!

शब्द तिनं पाळला. पोरगा बापाच्या खांद्याला लागला तरी "बाळा", नाहीतर "ए शहाण्या".

"आई, मला नाव आहे बरं का!"

"असेल. चल जेवायला, बटाटे निवतायत."

एका दुपारी तो खेकड्यांचे पिंजरे उचलायला एकटाच गेला आणि धुकं उतरलं. अशा वेळी बायका धक्क्यावर उभ्या राहून आपापल्या माणसाला नावानं हाका मारतात. तो आवाजाच्या रोखानं वल्ही मारतो. एकेक होडी लागत गेली.

"बाळा! ए बाळा!"

"नावानं हाक मार, मेले!" शेजारची पेगी ओरडली. "बाळ काय तुझंच आहे?"

मर्डिनाचे ओठ हलले, मिटले. पेगीनं तिला गदागदा हलवलं. तेव्हा कुठे चिरका आवाज फुटला, "मर्डो!"

धुक्यात वल्ह्यांचा आवाज थबकला. मग तो खडकांच्या बाजूला दूर दूर गेला. त्या आवाजात ते नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं; ही आपल्या आईची हाक, असं त्याला वाटलंच नसावं.

होडी सापडली, तो नाही.

पुढच्या वर्षी कॅथीला मुलगा झाला. नाव काय ठेवायचं, हे मर्डिनाला कुणी विचारलं नाही.