तान्ह्या पोळ्यातला रोबोट
शिलाई मशीनला तेल घातलं की मला पांढुर्ण्याच्या घरातला चावीचा रोबोट आठवतो. आमच्या ह्यांनी तो नागपूरहून मुलीसाठी आणला, पण ठेवला कपाटात. रोज संध्याकाळी स्वतःच तेल घालून, चावी भरून चालवायचे आणि मुलगी नुसती पाहायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सगळी लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघर खाऊ मागायला निघाली, तेव्हा ती रोबोटसाठी रडायला लागली. हे म्हणाले, "तोडून टाकन ते पोरगी." सासूबाईंनी रोबोटला कुंकू लावलं, गळ्यात दोरी बांधली. "आता पुजला. पुजलेला बैल लेकराच्याच हाती देतेत. का तूच लेकरू होऊन राहिला?" मुलगी रोबोटची दोरी धरून निघाली आणि हे तिच्या मागोमाग निघाले. पहिल्याच घरी शेजारच्या काकूंनी मुलीला खाऊ दिला आणि हसत ह्यांच्याही हातावर ठेवला. पुढच्या घरांत बाबा आपणहून हात पुढं करत होते, असं मुलगी अजून सांगते.