आधी आटू द्यावं, मग जोडावं

बकुळाआत्या सत्त्याण्णव साली गेली. दहाव्याला जमलेल्या बायका म्हणत होत्या, "कामाला वाघ होती, पण भारी तापट." मला चीड आली. तापट नव्हती ती. तिच्या रागाला दर वेळी कारण असायचं, आणि सगळ्यात मोठं कारण मी होते. त्या बायकांना ते ठाऊक होतं, तरी माझ्यासमोर साळसूदपणे बोलत होत्या.

माझे आईबाप मी सहा वर्षांची असताना गेले. आत्या पूर्णा गावातून मला उचलून भिवंडीला घेऊन आली. तिला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा तुळशीराम, ज्याला मी मामा म्हणायचे, एका लूमच्या कारखान्यात कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात होता. तिथे डाग पडलेलं, धागे सुटलेलं कापड कापून टाकायचे. त्या पट्ट्यांचं गाठोडं मामा शिफ्ट संपली की घरी आणायचा, आणि आत्या त्यांच्या गोधड्या शिवायची. आमच्या आळीत बाळंतपण असो की लग्न, गोधडी बकुळाबाईचीच.

लोकांना वाटतं, गोधडी म्हणजे चिंध्या घ्या आणि टाके घाला. डोंबल! आत्याची शिवण चार दिवसांची असली तर मांडणी आठ दिवसांची. लूमवरचं कापड कोरं, खळ लावलेलं. सुती असलं की धुतल्यावर आटतं, टेरिकॉट असलं तर आटत नाही. दोन्ही एकाच गोधडीत शिवलं की पहिल्या धुण्यात तिचा बोऱ्या वाजतो. म्हणून आत्या प्रत्येक पट्टीचा वीतभर तुकडा आधी भिजवून, वाळवून बोटांनी मोजायची. दोन बोटं आटलेलं एका ढिगात, एक बोट आटलेलं दुसऱ्यात, न आटणारं तिसऱ्यात. मग सगळ्याच पट्ट्या दोन दिवस पिंपात भिजत पडायच्या. त्या वाळल्या की जमिनीवर मांडून बसायची. ही इथे, ती तिथे, पुन्हा उचल, पुन्हा मांड. मध्येच कुणी पाय ठेवला तर खैर नसायची.

"कापडाला आधी आटू द्यावं, मंग जोडावं," म्हणायची. "घाई केली तर त्ये नंतर आटतं, नि शेजारच्यालापन वढतं."

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या भागात एका महिला मंडळाने बालवाडी काढली. मी दहावी नापास, घरी बसलेली. मंडळाच्या अध्यक्षबाई एक दिवस घरी आल्या. बालदिनाला उद्घाटन, पाहुणे येणार, मुलांसाठी पंचवीस लहान, दुपट्याएवढ्या गोधड्या हव्यात, आणि हातात तीन आठवडे. मासिकातून कापलेलं एक चित्र त्यांनी आत्यापुढे धरलं. मधोमध चांदणी, भोवती रंगीत पट्ट्या. "अगदी अशीच," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मदतनीस म्हणून आम्हाला एक मुलगी लागेलच."

आत्या म्हणाली, "बाई, नळाला पानी येतं तासभर. पंचवीस गोधड्यांचं कापड भिजवायलाच म्हयना जाईल."

"मग भिजवू नका. नवीन कापड आहे, स्वच्छच आहे की."

"न्हाय जमनार. कोरं कापड मी शिवत न्हाय."

अध्यक्षबाईंचं तोंड उतरलं. त्यांना पोचवायला मी दारापर्यंत गेले आणि परत येऊन आत्याच्या पाया पडले. हो, पाया पडले. म्हटलं, "आत्या, माझी हातातोंडाशी आलेली नोकरी जाईल. एकदाच शिव ना तशीच." तिने मग गाठोडं सोडलं. तीन आठवडे ती दिवसरात्र शिवत होती आणि एकदाही माझ्याकडे बघून हसली नाही.

उद्घाटन झालं. टाळ्या झाल्या. मला नोकरी लागली. पंधरा दिवसांनी मीच त्या गोधड्या धुतल्या, आणि वाळल्यावर एकेक पसरून बघितली. कोपरे वर वळलेले, मधोमध फुगे आलेले, चांदण्यांचे बोळे झालेले. एकही गोधडी सरळ पसरत नव्हती.

मंडळाच्या बैठकीत आत्याला बोलावलं. अध्यक्षबाई सगळ्या बायकांपुढे म्हणाल्या, "येत नव्हतं तर काम घ्यायचं नाही. नाचता येईना अंगण वाकडं." चोराच्या उलट्या बोंबा!

आत्या शांतपणे म्हणाली, "मी सांगितलं व्हतं, कोरं शिवत न्हाय. तुमीच बोलल्या, भिजवू नका. इचारा कमळीला, ती व्हती तिथं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनीही पाहिलं.

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

जळो ती जीभ! चौदा वर्षं जिने पोसलं, तिला मी भर बैठकीत खोटं पाडलं.

आत्याने सरळ पंचवीसही गोधड्या दोन गाठोड्यांत बांधल्या आणि घरी आणल्या. माझ्याशी बोलणं बंद, पण ताट वाढायची. टाका न् टाका उसवला तिने. पट्ट्या भिजवल्या, वाळवल्या, मोजल्या, पुन्हा मांडल्या. मी मदतीला हात पुढे केला तर पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली. होळी होऊन गेली तेव्हा कुठे काम संपलं.

मग एका सकाळी मामाच्या सायकलवर गाठोडी लादून ती बालवाडीत आली. अध्यक्षबाई होत्याच. त्यांच्यासमोर आत्याने अंगणातल्या नळाखाली गोधड्या धुतल्या, कुंपणावर वाळत घातल्या आणि उन्हात बसून राहिली. दुपारी एकेक काढून जमिनीवर पसरली. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. एक सुरकुती नाही.

"वा, बकुळाबाई!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "बघा, मनावर घेतलं की येतं."

आत्या उठली, पदराने हात पुसले. "गोधड्या तुमच्या," ती म्हणाली, "नि ही पोरपन आता तुमचीच. माझ्या घरात हिला आजपासून जागा न्हाय. सांजच्याला ट्रंक पाठवते."

"अहो, एवढ्या तेवढ्यावरून काय..." अध्यक्षबाई म्हणाल्या. आत्या थांबली नाही. सायकल हाताने ढकलत बाहेर पडली.

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. धावत जाऊन तिचे पाय धरायला हवे होते, नाहीतर मागे वळून त्या बाईच्या तोंडावर खरं सांगायला हवं होतं. पण मुलं सुटायची वेळ झाली होती, आणि फाटक धरून उभं राहायचं काम माझं होतं. मी फाटक धरून उभी राहिले.