परदेशी कंडेन्सरचा डबा

गिऱ्हाइकाने खिशातून काढलेला कंडेन्सर आमच्या शेजारचे रेडिओवाले कानाजवळ नेऊन हलवत, नखाने टिचकी मारत आणि सरळ दुकानापुढच्या गटारात टाकत. "माळ्यावरचा दिसतोय. पडून राह्यलं की मरतं हे, राव. वापरलं नसलं तरी मरतं." गिऱ्हाईक गटाराकडे बघत राही.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि शेजारी यांचं रेडिओ दुरुस्तीचं. नव्वदच्या दशकात सगळे टीव्हीच्या नादी लागले होते, तरी घरातले जुने व्हॉल्व्हचे रेडिओ लोक त्यांच्याकडे आणत. असा रेडिओ घूंऽघूं करायला लागला की बहुधा आतला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून धरणारं छोटं नळकांडं, सुकलेला असतो. तो बदलायचा, झालं. पण कामाचं शास्त्र केल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नाही, अशी माणसं तुमच्याही बाजारपेठेत असतीलच.

त्यांच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणलेले परदेशी कंडेन्सर, कापसात गुंडाळलेले. ते हा डबा प्रत्येकाला उघडून दाखवत आणि त्यातलं कुणालाच काही बसवत नसत. आधी रेडिओची लायकी बघितली जाई, मग मालकाची.

राजुरीचे एक बागायतदार म्हणाले, "आमाला यातलाच टाका."

"काय ऐकता रेडिओवर?"

"बाजारभाव."

"मग कांद्याचा भाव साध्या कंडेन्सरवरबी तेवढाच ऐकू येतो." आणि त्यांनी ड्रॉवरमधला साधा देशी कंडेन्सर बसवला. लोणीच्या एका मास्तरांनी नाट्यसंगीत ऐकतो असं सांगितलं, तर दुकानातच त्यांची तोंडी परीक्षा झाली. मास्तर नापास झाले आणि साधा माल घेऊन गेले.

हा डबा राखून ठेवला होता त्यांच्या स्वतःच्या बायकोच्या रेडिओसाठी. वहिनींचं माहेर आणे गावचं. वडिलांनी लग्नात दिलेला तो रेडिओ दोन वर्षांत बंद पडला आणि क्रोशाच्या रुमालाखाली बसून राहिला. वडिलांसोबत ऐकायच्या तशी सकाळची भक्तिगीतं त्यावर लावावीत, एवढंच वहिनींचं मागणं होतं. "त्याला घाईचा माल न्हाई लावायचा. अजून दोन नग मिळायचेत," हे यांचं ठरलेलं उत्तर. वहिनी मला म्हणायच्या, "भाऊ, साऱ्या तालुक्याचे रेडिओ यांनी बोलते केले. माझाच तेवढा मुका."

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी मला घरी बोलावलं. राहिलेले दोन नग मिळाले होते. डब्यातले कंडेन्सर बसवून झाले. प्लगच्या वाटेत त्यांनी रीतीप्रमाणे एक बल्ब जोडला होता. तो लख्ख पेटला, म्हणजे आत काहीतरी बिघडलेलं. दुसऱ्या कुणाचा रेडिओ असता तर त्यांनी तिथेच थांबून गिऱ्हाइकाला व्याख्यान दिलं असतं. "भारी माल हाये, सुरुवातीला जरा जास्त करंट खातो," म्हणत त्यांनी बल्ब काढून प्लग थेट लावला.

फाट्‌कन आवाज झाला. पांढरा धूर निघाला आणि उटण्याच्या वासात जळका वास मिसळला. वीस-बावीस वर्षं कापसात जपलेला माल आतून सुकून गेला होता. हा धडा ते ज्या गावाला शिकवत होते, त्या गावात त्यांचं घरही होतं, एवढंच ते विसरले होते. मला हसू आवरेना.

ते उठले. दुकानात जाऊन ड्रॉवरमधले साधे कंडेन्सर घेऊन आले. पंधरा मिनिटांत रेडिओ बोलायला लागला. कुठलंसं तबलावादन होतं, पण स्वच्छ.

वहिनी ओवाळणीचं ताट हातात धरून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे साधं तवाबी व्हतं का तुमच्याकडं?"

"व्हतं."

"बाबा व्हते तवर, पाच वरसं, हितं येऊन बसायचे. रुमालाकडं बघून जायचे."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या माणसाची मला तेव्हा फार दया आली. त्यांच्याजवळचं सगळ्यात चांगलं ते खरोखर वहिनींसाठीच ठेवत होते.

ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं आणि रेडिओवर खतांची माहिती चालू होती. वहिनी मागे धान्य निवडत बसल्या होत्या. कुणी ऐकत नाही म्हणून मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात आतून आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. बंद नका करू. पडून राह्यलं की मरतं."