नेक्सस म्हणजे साटंलोटं नव्हे

"वकीलसाहेब, आमचं मानूस साक्षीला येत न्हाय. गावाकडं मंद्रूपलाच बसलंय."

सोलापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात ललिताबाई मला सांगत होत्या. केस थोड्या वेळात पुकारली जाणार होती.

त्यांचे पती महादेव इथल्या एका टॉवेल कारखान्यात कामाला होते. गोडाऊनच्या जिन्यावरून पडून त्यांचा हात मोडला. तो पुन्हा नीट वळेना, नोकरी गेली. अपघात जेवणाच्या सुट्टीत झाला, म्हणून विमा कंपनीनं भरपाई नाकारली. आमचा दावा महादेवांच्या साक्षीवरच उभा होता.

"का येत नाहीत?"

"कंपनीनं कागदात नेक्सस लिवलंय म्हनं. टीव्हीवर गुंडांचं दावत्यात तसलं. पोलीस धरतील म्हनून भ्याल्यात. साहेब, आमचं कुनाशी साटंलोटं न्हाय वो!"

विमा कंपनीच्या इंग्रजी उत्तराची कॉपी मीच त्यांना मोबाइलवर पाठवली होती. गावात कुणीतरी तेवढा एकच ओळखीचा शब्द वाचून दाखवला होता.

नेक्सस मूळ लॅटिन. 'नेक्तेरे' म्हणजे बांधणं, गाठ मारणं. कनेक्शन, ॲनेक्श्चर हे त्याच घरातले शब्द. बातम्यांत तो गुन्हेगारांच्या वाट्याला आला. कायद्यात मात्र अर्थ साधा : एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध.

मी महादेवांना फोन लावला.

"महादेव, नेक्सस म्हणजे गाठ. कंपनी म्हणते, तुमचं काम आणि मोडलेला हात यांची गाठच नाही."

"म्हंजे वंगाळ न्हवं?"

"अजिबात नाही. उलट आपल्याला तीच दाखवायचीय."

त्यांचा आवाज चढला. "गाठ हाय की! सुपरवायझरनंच धाडलं हुतं मला."

"तेच इथं येऊन सांगा. वडापची जीप धरा."

मी न्यायाधीशांकडे दुपारनंतरची वेळ मागितली. त्यांनी घड्याळाकडे बघत दिली. महादेव घामाघूम होऊन पोचले, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "जेवणाची सुट्टी होती ना?"

"व्हय. डबा उघडला हुता. सुपरवायझर म्हनला, आदी वरनं सुताचं बाचकं आन."

पुढच्या तारखेला साक्षीला आलेल्या सुपरवायझरला ते नाकारता आलं नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला. ललिताबाई बाकावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या.

तेव्हापासून अशिलाला इंग्रजी कागद पाठवला, की मी लगेच फोन करून मराठीत अर्थ सांगतो. नाहीतर तो अर्थ टीव्ही सांगतो.