लाल रेघ नसलेलं नाव

ते नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर वर्षभरात चार पोरींना ते ठेवलं जाईल, आणि मग मावशी मला जिवंत सोडायची नाही. तीन अक्षरांचं आहे, कानाला गोड आहे आणि कुठल्याही शब्दकोशात सापडत नाही, एवढ्यावर भागवून घ्या.

मावशी म्हणजे रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये रिपोर्टच्या खिडकीवर बसणारी बाई. सगळे तिला ‘नाववाली मावशी’ म्हणत. रोज शंभर-दीडशे नावं तिच्या कानावरून जात, आणि एकेकाला एकेकाचं वेड असतं. तिनं एक निळी वही केली होती. एका पानावर एक नाव, ते आलं कुठून, त्याचा अर्थ काय आणि खाली रेघोट्या. त्या नावाचं माणूस भेटलं की एक रेघ. दहा रेघा झाल्या की नावावर काट. “शिळं झालं,” म्हणायची. कुणाच्या घरी मूल झालं की लोक तिच्याकडे यायचे, आणि भाजी निवडावी तसं ती वहीतून नाव निवडून द्यायची. लॅबमधली मंडळी चेष्टा करत, “मावशी, नाव मोठं लक्षण खोटं निघालं तर परत घेता का?” “वापरलेला माल परत घेत नाही,” हे तिचं ठरलेलं उत्तर.

लॅबच्या पाकिटावर आणि रिपोर्टवर पहिलं नाव, वय आणि नंबर एवढंच असे, आणि नेहमीच्या नावांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. एकाच दिवशी एकाच नावाच्या तिघी येणार, हे ती धरूनच चालायची. अशा पाकिटांवर ती सकाळीच लाल पेन्सिलीनं रेघ मारून ठेवी. रेघ दिसली की समोरचा कितीही घाईत असो, त्याला वय विचारी, वडिलांचं नाव विचारी, पावतीवरचा नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळवी. दुर्मीळ नावाला मात्र रेघ नाही. “असं नाव दुसऱ्या कुणाचं असणार?” म्हणून ते पाकीट सरळ हातात. लॅबचा नियम सगळ्या नावांना सारखाच होता. पण एकोणतीस वर्षांत तिच्या हातून एकही चूक झाली नव्हती, आणि न झालेल्या चुकांनी माणूस फार लवकर शेफारतो.

त्या बुधवारी सकाळी सव्वानऊला ती आदल्या दिवशीची उरलेली पाकिटं लावत होती. एका पाकिटावर ते नाव दिसलं. मावशी आधी हसलीच. तिचं लाडकं नाव ते. कोपऱ्यावरच्या टेलरच्या मुलीचं. पित्ताशयात खडे झाले होते पोरीला, आज अकराला ऑपरेशन. काल संध्याकाळी टेलर स्वतः येऊन रिपोर्ट घेऊन गेला होता.

मग तिचं हसू विरलं. रिपोर्ट काल गेला, तर हे पाकीट कुणाचं?

तिनं रक्त घेणाऱ्या टेबलावरचं रजिस्टर ओढलं. एकाच पानावर, सात ओळींच्या अंतरानं, तेच नाव दोनदा. दोघींचं वय सव्वीस. टेलरच्या मुलीच्या नावापुढचा नंबर तिच्या हातातल्या पाकिटावर होता. टेलर घेऊन गेला ते पाकीट दुसऱ्याच कुणाचं होतं.

मावशीनं आजवर कुणाचं पाकीट उघडलं नव्हतं. आज उघडलं. रक्त गोठायला जितका वेळ लागायला हवा, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. खाली लॅबच्या डॉक्टरांनी हातानं लिहिलं होतं, ‘ऑपरेशनपूर्वी लक्ष द्यावे.’ आणि तिकडे सर्जनच्या टेबलावर परक्या पोरीचा ठणठणीत रिपोर्ट, त्यावर हेच नाव आणि हेच वय. त्यांना शंका येणार तरी कशी? 

टेलरचा फोन बंद. त्याच्या बायकोचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. हॉस्पिटलचा नंबर व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. “मी येते,” एवढंच शेजारच्या टेबलावर सांगून ती चपला अर्धवट पायात अडकवून बाहेर पडली. पाकीट छातीशी धरलेलं.

रिक्षा मिळाली, पण रस्त्यावर खोदकाम चालू होतं. “जरा घाई करा हो दादा,” ती म्हणाली. “उडवून नेऊ का मावशी?” रिक्षावाला म्हणाला. एरवी तिनं याला चांगलं उत्तर दिलं असतं. आज तिनं पाकीट आणखी घट्ट धरलं. ती घड्याळाकडे बघे आणि मनात म्हणे, ही दुसरी आली कुठून? खरं तर तिला ते चांगलं ठाऊक होतं.

तो शब्द मावशीच्या आजीच्या घरातला. चूल विझल्यावरही सकाळी राखेत हात घातला की जी ऊब लागते, तिला आजी त्या नावानं ओळखायची. आजीला तो तिच्या आईनं दिलेला. लग्नानंतर मावशीनं दोन शब्दकोश पालथे घातले, साखर तपासायला येणाऱ्या भाषेच्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, “तुमच्या घरातच घडलेला दिसतोय.” तिला तो सोन्याहून मोलाचा वाटला. स्वतःच्या मुलीसाठी तिनं तो जपून ठेवला. मूलच होणार नाही, हे तिला याच लॅबमधल्या एका रिपोर्टानं सांगितलं. तो रिपोर्ट घेताना ती खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होती.

नाव मग वहीत पडून राहिलं. एके दिवशी लॅबशेजारच्या लाँड्रीवालीला मुलगी झाली आणि मावशीला राहवलं नाही. “घे,” म्हणाली, “जगात हिच्या एकटीचं.” दोन महिन्यांत लाँड्रीवाली बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या शहरात गेली. आणि त्यानंतर टेलरची बायको आली. आधीची दोन बाळं हातची गेलेली, तिसरं मांडीवर, आणि ती नुसती रडत होती. मावशीनं वही उलटसुलट चाळली. सगळी नावं कशी फुसकी वाटायला लागली. तिनं तेच नाव दिलं आणि वाक्यही तेच बोलली. लांब गेलेली माणसं कशाला परत येतात! पण मोठी झालेली पोर नोकरीसाठी तिच्या जन्मगावी येऊ शकते, हे तिच्या डोक्यात आलं नाही. वहीत त्या नावाखाली अवघ्या दोन रेघा होत्या. दोन्ही तिनंच नाव दिलेल्या पोरींच्या.

पावणेअकराला ती हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर पोचली. बाकावर टेलर आणि त्याची बायको. पोरीला आत नेलेलं.

“ताई, तुम्ही?” टेलरची बायको उठली.

मावशी सरळ दारावरच्या नर्सकडे गेली. “आत जाता येणार नाही,” नर्स म्हणाली. “मला नका जाऊ देऊ. हा कागद जाऊ दे. हा तिचा रिपोर्ट आहे, तुमच्याकडचा दुसरीचा आहे. आत्ता न्या, पाया पडते!” नर्सनं कागद वाचला आणि आत पळाली.

ती पाच मिनिटं मावशीला फार जड गेली. दाराच्या काचेवर टेकवलेला हात काढायचं तिला सुचत नव्हतं. मग डॉक्टर बाहेर आले. चेहरा घामानं डबडबलेला. “भूल द्यायच्या तयारीत होतो,” ते म्हणाले. “ऑपरेशन आज नाही. आधी हे रक्ताचं काय आहे ते बघू. वेळेवर आलात.”

टेलर उठून पुढं आला. “पण मावशी, पाकिटावर नाव तर तिचंच होतं. मी दोनदा वाचलं.”

इथं तिच्या जिभेवर थाप तयार होती. मशीन चुकलं, कॉम्प्युटर चुकला. लोक मशीनला लवकर माफ करतात. तिनं तोंड उघडलं, आणि टेलरच्या बायकोकडे बघून तिला ते बोलवेना.

“त्या नावाची आणखी एक आहे, वहिनी. तिलाही ते नाव मीच ठेवलं. तुमच्या मुलीच्या आधी. आणि पाकीट देताना मी नंबर बघितला नाही. नावावरच गेले.”

टेलरची बायको पुन्हा बाकावर बसली. ओरडली असती तर बरं, असं मावशीला वाटलं.

“माझ्या दोन गेल्यावर हिला घेऊन आले तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं?” ती हळूच म्हणाली. “म्हणालात, या नावाचं दुसरं कुणी नाही, त्यामुळे ही कधी गर्दीत हरवणार नाही. सव्वीस वर्षं मी त्या वाक्यावर काढली, ताई. आणि हरवत होती ती तुमच्याच हातून.”

मावशीनं लाँड्रीवालीच्या मुलीचा रिपोर्ट नर्सकडून मागून घेतला आणि ती खिडकीवर परत गेली. लॅब चालवणाऱ्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “उद्या बोलू.” तिनं मान हलवली.

दुपारी तीनला एक तरुण मुलगी आली. हेल्मेट बगलेत, तोंडभर हसू. हसताना हनुवटीवर खळी पडत होती, अगदी लाँड्रीवालीसारखी.

“नाव?” मावशीनं विचारलं.

मुलीनं सांगितलं. वर म्हणाली, “लगेच सापडेल. आई म्हणते, जगात माझ्या एकटीचं आहे.”

पाकिटावर लाल रेघ ओढलेली होती. “वय?”

“सव्वीस.”

“वडिलांचं नाव? पावती दे.” मावशी बोट ठेवून एकेक आकडा जुळवत होती.

“बाप रे! माझ्या नावाला आजवर कुणी इतकं विचारलं नाही.”

“विचारायला हवं होतं. ते तुझ्या एकटीचं नाही. याच गावात आणखी एक आहे. दोघींना ते मीच दिलंय.”

मुलीचं हसू थबकलं. पण रागावली नाही. उलट खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकून पुढं वाकली. जन्मभर एकटीच असलेल्या नावाला सोबत मिळाली, याचं तिला कौतुकच वाटलं असावं.

“खरंच? कशी आहे ती?”

“जिवंत आहे,” मावशी म्हणाली, आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू तिला तिथं, खिडकीत, सगळ्या रांगेसमोर आवरलं नाही.