अंथरूण : तपासले

खात्यात येण्यापूर्वी मी डिचोलीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत चार वर्षे शिक्षक होतो. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काही वर्षांत नव्या नोकऱ्यांच्या जाहिराती निघू लागल्या. त्यांपैकी एकीला अर्ज करून मी सीमाशुल्क खात्यात निवडला गेलो आणि प्रशिक्षणासाठी मुरगावला गेलो. जकातीचे काम म्हणजे दरडावण्याचे काम, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात दूर झाली. हे काम मुख्यतः मोजण्याचे, ऐकण्याचे आणि लिहिण्याचे आहे.

पेटी तपासायची तर आधी तिची उंची बाहेरून मोजावी, मग आतली खोली मोजावी. दोन्हींत फळीच्या जाडीपेक्षा अधिक फरक पडला तर खाली दुसरा तळ आहे असे समजावे. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकत जावे. आवाज बदलला की तेथे थांबावे. जुन्या लाकडातला एखादाच स्क्रू नवा दिसला तर तो का बदलला, हे विचारावे. आणि जे पाहिले तेवढेच लिहावे. हा शेवटचा नियम आमचे प्रशिक्षक रोज सांगत. मला तो शिकण्याची गरज वाटत नव्हती, कारण मी मुलांना तोच शिकवत आलो होतो.

आमच्या तुकडीत दोन प्रकारची माणसे होती. एक आम्ही, नव्याने भरती झालेले. दुसरे, पोर्तुगीज अमलात सरहद्दीच्या नाक्यांवर पहारा केलेले जुने गार्ड. या जुन्यांना नोकरीत ठेवून घेतले होते, पण कायम होण्यासाठी खात्याची परीक्षा द्यावी लागे. त्यासाठी तीन संधी मिळत. लेखी परीक्षा इंग्रजीत, प्रात्यक्षिक गोदीत.

माझ्या खोलीत राहणारे गृहस्थ पेडण्याचे. केरीच्या बाजूला, तेरेखोलच्या नदीकाठी असलेल्या नाक्यावर त्यांची बहुतेक नोकरी झाली होती. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणत असे, ते मला मास्तर. दोन संधी त्यांच्या हातून गेल्या होत्या, दोन्ही वेळा लेखी परीक्षेत. ही तिसरी आणि अखेरची. घरी पत्नी, तीन मुली, आणि डोंगराच्या उतारावर काजूची थोडी झाडे. नोकरी गेली तर एवढ्यावर त्या घराचे भागणार नव्हते, हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. पण सुटीच्या दिवशीही पहाटे उठून नियमावलीची पाने ओठ हलवत वाचणारा माणूस दुसरे काय सांगत असतो?

आमचा एक सरळ व्यवहार ठरला. मी त्यांना इंग्रजी शिकवायचे आणि त्यांनी मला झडती. लाकडी खोक्यावर ते पेर टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "हांगा पोकळ." उघडले की तेथे खरोखर पोकळी असे. मी विचारले, कसे कळते? ते हसून म्हणाले, "मास्तर, लाकूड उलयता. तुमचां इंग्रजी तेवढां माझ्याकडे उलयना." लाकूड त्यांच्याशी बोले, इंग्रजी बोलत नसे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. लोखंड, लाकूड, धान्याची पोती यांत त्यांचा हात बिनदिक्कत जाई. कपड्यांचे गाठोडे किंवा गुंडाळलेले अंथरूण आले की ते काहीतरी निमित्त काढून बाजूला होत आणि ते काम जोडीदाराकडे जाई.

त्याचे कारण मला मयेला, माझ्या गावी, कळले. एका रविवारी मी त्यांना घरी जेवायला नेले होते. दुपारी आम्ही तळ्याकडे फिरायला गेलो. काठावर एक बाई धुतलेल्या गोधड्या वाळत घालत होती आणि त्यांच्यात लहान मुलाची दोन झबली होती. दादा थांबले आणि तळ्याकडे पाठ करून बसले. मग त्यांनी सांगितले ते मी येथे माझ्या शब्दांत लिहितो.

नाक्यावर एक दिवस नदीपलीकडून एक तरुण बाई आली. काखेत गाठोडे. नियमाप्रमाणे त्यांनी ते टेबलावर ठेवायला सांगितले. ती ठेवीना. त्यांना संशय आला. गाठ त्यांनी स्वतः सोडली आणि आतले कपडे एकेक करून, नीट, ओळीने मांडले. टोपरे, झबली, दुपटे, पायमोजांचा एक जोड. सगळे तान्ह्या मुलाचे. मूल कुठे आहे, असे त्यांनी विचारले. नोंदीसाठी विचारावेच लागे. बाईने मूल गेल्याचे सांगितले. ती माहेरी चालली होती आणि कपडे मागे ठेवून येणे तिला जमले नव्हते. दादांनी गाठोडे पुन्हा बांधायला घेतले, तेव्हा ती मागे सरकली. मांडलेल्या त्या ओळीकडे एकदा पाहून ती तशीच, रिकाम्या हातांनी, निघून गेली.

त्यांनी हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला. पत्ता लागला नाही. वरिष्ठांनी त्या कपड्यांची नोंद बेवारस माल म्हणून करायला सांगितली आणि गाठोडे नाक्याच्या फळीवर गेले. तेथे ते मुक्तीच्या दिवसापर्यंत होते. भर दुपारी, नाक्यावर कोणी नसताना, त्या फळीकडून तान्ह्या मुलाला चोळलेल्या खोबरेल तेलाचा वास येई. इतर गार्डांना तो येत नसे. त्यांनी तसे विचारून पाहिले होते.

"तेच्या उपरांत हात फुडे वचना, मास्तर," ते म्हणाले. "मी सांगतंय हाताक. तो आयकना."

मी त्यांना सल्ला दिला, शिक्षक देतात तसा. भीतीवर उपाय म्हणजे सराव. रोज एक चादर उलगडा. ते मान हलवत राहिले. प्रशिक्षकांना सांगून ठेवू का, असे मी विचारले, तेव्हा मात्र ते म्हणाले, "नाका. पिशान लागलां म्हणतले." लोक आपल्याला वेडा ठरवतील, याची त्यांना धास्ती होती.

लेखी परीक्षेत ते पास झाले. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी खोलीत पाव आणि केळी आणून मला आग्रहाने खाऊ घातली. प्रात्यक्षिकाची त्यांना काळजी नव्हती. मलाही नव्हती.

प्रात्यक्षिक एका जुन्या बार्जवर होते, खनिज वाहून नेणाऱ्या त्या सपाट बोटींपैकी एकीवर. खात्याने तिच्यात कुठेतरी एक मोहोरबंद पाकीट लपवले होते. दोघांची जोडी, एकाने तपासायचे, दुसऱ्याने तक्ता भरायचा. तक्त्यात प्रत्येक जागेपुढे दोन रकाने होते, 'तपासले' आणि 'राहिले'. प्रशिक्षकांनी नियम पुन्हा स्पष्ट केला. जागा राहिली तर तसे लिहा, थोडे गुण जातील, उमेदवार बाद होणार नाही. न तपासता 'तपासले' लिहिले तर गुणांचा प्रश्नच उरत नाही. असा माणूस या कामाला नको.

दादा तपासत होते आणि तक्ता माझ्या हातात होता. इंजिनाची खोली, साखळीची पेटी, पाण्याची टाकी. त्यांचे काम पाहताना मला माझे सर्वांत हुशार विद्यार्थी आठवत होते. ते जागेचे नाव घेत, "जालां" म्हणत आणि मी बरोबरची खूण करत असे. मग आम्ही खलाशांच्या खोलीत आलो. तेथे एका फळीवर गुंडाळलेले अंथरूण होते, वर चादर, सुतळीने बांधलेले.

ते फळीपाशी गेले. हात पुढे केला. तो हात अंथरुणापासून वीतभर अंतरावर थांबला आणि तेथेच राहिला. खोलीत डिझेलचा उग्र वास होता. त्यांनी नाक वर करून एकदा हुंगले आणि माझ्याकडे पाहिले. त्यांना कसला वास आला, हे मला विचारावे लागले नाही.

आता मी जे केले ते नेमके सांगितले पाहिजे. ते काहीही बोलले नव्हते. 'तपासले' नाही, 'राहिले' नाही. त्यांचा हात मागे आला आणि त्याच क्षणी माझ्या पेन्सिलीने 'तपासले'च्या रकान्यात खूण केली. चार वर्षे मुलांच्या वह्या तपासताना एक सवय लागलेली असते. मूल उत्तराच्या अगदी जवळ आलेले दिसते, पुढे त्याला जमणार नाही हेही दिसते, आणि आपला हात मायेने बरोबरची खूण करून टाकतो. शाळेत त्याने कोणाचे काही बिघडत नाही. 'राहिले' लिहिले असते तर त्यांचे पाच-सहा गुण गेले असते. मला तेही जाऊ द्यायचे नव्हते.

पाकीट त्या अंथरुणातच होते.

प्रशिक्षकांनी सुतळीची न सुटलेली गाठ दाखवली, मग तक्ता. नियमाप्रमाणे त्यांनी विचारले की 'तपासले' असे तोंडी कोणी सांगितले. तपासणाऱ्याने सांगितले असेल तर लिहिणारा दोषी धरला जात नसे, नाहीतर जोडीतले दोघेही बाद होत. मी तोंड उघडले होते, पण दादांचे उत्तर आधी आले.

"मी सांगलां," ते म्हणाले. "मास्तरान आयकलां तां बरयलां."

मी फक्त ऐकले ते लिहिले, ही त्यांची साक्ष मी खोडून काढली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सांगून दोघांचीही नोकरी गेली असती, एकाची तरी राहू दे, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले. संध्याकाळच्या आत त्यांनी सामान आवरले.

मी कायम झालो. पुढे बढत्या मिळाल्या आणि अखेरची बरीच वर्षे मी स्वतः नव्या लोकांना शिकवले. जे पाहिले तेवढेच लिहा, हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी, वाक्य संपता संपता, वर्गातल्या डाव्या बाकावर कोणीतरी मोठ्या वयाचा माणूस ओठ हलवत ते पुन्हा म्हणतो आहे असे वाटे. तेथे बहुधा विशी-पंचविशीतली मुले असत. मी त्या बाजूला पाहणे हळूहळू सोडून दिले. निवृत्तीनंतरही भर दुपारी घरातल्या एखाद्या रिकाम्या फळीकडून तेलाचा वास येतो. तो वास मी कधी घेतलेला नाही, तरी मला ओळखता येतो.

पण मला सांगायचे आहे ते त्या परीक्षेनंतरच्या महिन्यातले. मी पेडण्याला गेलो होतो. मनाशी ठरवले होते की त्यांच्या घरी सगळे खरे सांगायचे आणि मग मुरगावला जाऊन लेखी कबुली द्यायची. ते अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होते. मला पाहून त्यांनी खुर्ची आणली. त्यांच्या पत्नीने पाणी दिले आणि आतून एक लिफाफा आणून माझ्या हातात ठेवला. खात्याचे पत्र होते, इंग्रजीत. नोकरी इंग्रजीमुळे गेली, असे दादांनी घरी सांगितले आहे, पण पत्रात नेमके काय आहे ते कोणी वाचून दाखवलेले नाही, असे त्या म्हणाल्या. तिन्ही मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

पत्र चार ओळींचे होते. प्रात्यक्षिकात खोटी नोंद केल्यामुळे सचोटीविषयी खात्री वाटत नाही, सबब कायम करता येत नाही.

मी दादांकडे पाहिले. ते बियांवरून हात फिरवत होते, मान खाली. सचोटी हा शब्द मी त्या अंगणात उच्चारला असता तर पुढचे वाक्य मला बोलावेच लागले असते, ती खूण कोणाची होती ते. वाक्य तयार होते. वाटेत बसमध्ये मी ते दोनदा मनात म्हणूनही पाहिले होते.

मी पत्राची घडी घातली आणि सांगितले की होय, इंग्रजीत कमी पडले, असे लिहिले आहे.

दादांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिले नाही. त्यांच्या पत्नीने पत्र माझ्या हातातून घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, "इंग्रजी तर तुमीच शिकयलात ना, मास्तर?"

मी होय म्हणालो.